चढलेला ताणा

हेडमास्तरांनी शाळेचे वेळापत्रक बदलले आणि आमच्या वडिलांनी, आप्पांनी, अण्णाला शाळेतून काढायचे ठरवले, हे एकाच सोमवारी घडले.

अण्णा माझा थोरला भाऊ. तापात त्याचे एक वर्ष बुडाले, म्हणून इंग्रजी सहावीत, मॅट्रिकच्या आदल्या वर्गात, आम्ही एकाच बाकावर होतो. हेडमास्तरांचे म्हणणे असे, की शाळेतला प्रत्येक मुलगा कॉलेजात जाण्याजोगा व्हावा, आणि नाहीच गेला तर हाताने पोट भरण्याजोगाही. म्हणून सकाळी इंग्रजी, बीजगणित. दुपारी सुतारकाम नाहीतर हातमाग. वकिलांची मुले रंधा मारून बोटे सोलून घेऊ लागली. आम्हा शहापूरच्या विणकरांच्या मुलांना मागापाशी बसवले.

आप्पा जेवताना म्हणाले, "माग शिकाय साळंत कशाला जायाचं रं? घरात दोन हाईत की." मला पुस्तकाखेरीज काही जमत नसे, त्यामुळे मला शाळेतून काढतील ही भीती नव्हती. हात चालायचा तो अण्णाचा.

दुसऱ्या दिवशी ते त्याला न्यायला शाळेच्या मागापाशी आले. अण्णा जागचा हलला नाही. "आप्पा, ताणा चढलाय," एवढेच म्हणाला.

ताणा म्हणजे उभे धागे. ते मागावर चढवले की ज्याने चढवले त्यानेच विणून संपवायचे, मध्ये उठायचे नाही, ही आमच्या घरची रीत. आप्पांनी उरलेले सूत नजरेने जोखले, पंधरवड्याने घरच्या मागावर ये म्हणाले आणि गेले.

अण्णाने ताणा संपूच दिला नाही. वीतभर उरला की जुन्या टोकांना नव्या ताण्याचा एकेक धागा गाठ मारून जोडायचा. मी धागे पुढे करी आणि सनावळ्या म्हणून दाखवी. घरी विचारले की तो सांगे, ताणा चालू आहे. खोटे नव्हते.

मॅट्रिकला महिना राहिला तेव्हा आप्पा पुन्हा शाळेत आले. कापड चाचपत त्यांची बोटे गाठींच्या ओळीवर थांबली. मी पुस्तकात तोंड खुपसले.

"लई लांब ताणा हाय," ते म्हणाले.

"व्हय."

"गाठी सैल हाईत. नीट मार. परीक्षेपतोर टिकाय पायजेत."

अण्णा पास झाला, कोल्हापूरला कॉलेजात गेला आणि पुढे त्याच शाळेत सकाळी गणित, दुपारी माग शिकवू लागला. तो वारला त्याला दोन महिने झाले. गाठींची ओळ असलेला कापडाचा हातभर तुकडा माझ्या टेबलावर, दौतीखाली आहे.