कॅरमबोर्डावरची फायनल

आमच्या चॅनलचं ऑफिस भिलाईत, पॉवर हाउसच्या बाजारात, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या वर होतं. दोन खोल्या. एकीत कॅमेरे, वायरी आणि ताई; दुसरीत उरलेले आम्ही सगळे. दुर्गपासून चरोद्यापर्यंत केबलवर आम्ही फक्त इथले खेळ दाखवायचो. शाळांचं बास्केटबॉल, टाउनशिपच्या सेक्टरांमधल्या टीमचं फुटबॉल, गावागावची कबड्डी. स्टील प्लांटच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून मी तिथं हिंदीत कॉमेंट्री करायचो. घरात मराठी, माइकवर हिंदी आणि राग आला की दोन्ही, अशी माझी ख्याती होती.

ताई म्हणजे चॅनलच्या मालकीण. दुर्गच्या जुन्या मराठी घरातल्या, तरुणपणी स्वतः कबड्डी खेळलेल्या. प्लांटच्या स्टोअरमधून वेळेआधी निवृत्ती घेऊन त्यांनी हा उद्योग मांडला. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. अशा शांत माणसांचा मला सहसा वैताग येतो. ताईंपुढे मात्र मी पहिल्या महिन्यातच शरण गेलो, आणि ते मला आजही कबूल आहे.

प्रक्षेपणाच्या हक्कांच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. एखाद्या गावच्या मंडळानं आपणहून बोलावलं, हार घातले, पोहे खाऊ घातले, तरी आधी त्यांच्या अध्यक्षाची सही घ्यायच्या. मी चिडायचो. त्या म्हणायच्या, "बोलावलं म्हंजे हक्क देल्ला असं नाई होत. पोरी त्याहीच्या, ग्राउंड त्याहीचं. आपला फक्त कॅमेरा हाय." मग सही होईपर्यंत आम्ही कॅमेरा बंद ठेवून पोहे खात बसायचो.

महिला कबड्डी लीगचे हक्क सलग काही वर्षं आमच्याकडे होते. मग एका मोठ्या नेटवर्कनं जास्त बोली लावून ते उचलले. मी आठवडाभर धुसफुसत होतो; ताई म्हणाल्या, पोरींना चांगले कॅमेरे मिळतील, बरंच झालं. सुरुवातीच्या मॅचेस नेटवर्कनं खरोखर छान दाखवल्या. फायनल भिलाईत होती आणि नेमकी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे क्रिकेटची मॅच होती. त्यांनी जाहीर केलं की कबड्डीची फायनल रेकॉर्ड करून पुढं कधीतरी दाखवू. म्हणजे हक्क त्यांचे असल्यामुळे आम्ही दाखवायची नाही, आणि ते दाखवणार नाहीत.

एरवी मी चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो. पण त्या फायनलमध्ये माझी पुतणी कॅप्टन होती.

तिचे वडील, म्हणजे माझे मोठे भाऊ, रेल्वेत गार्ड. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत क्वार्टर. पोरीला कबड्डी शिकवली ती त्यांनीच, ड्युटीवरून आल्यावर कॉलनीच्या मैदानात. ती शाळेत असल्यापासून तिची एकही मॅच त्यांनी चुकवली नव्हती; त्यासाठी ड्युट्या बदलून घ्यायचे, साहेबांची मनधरणी करायचे. आणि पहिल्यांदा ती कॅप्टन म्हणून फायनलला पोचली, तेव्हा हा माणूस यार्डात पाय घसरून पडला. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं होतं, आणि डॉक्टरांनी पलंगावरून हलायला सक्त मनाई केली होती.

मी भेटायला गेलो तर दादांचा एकच प्रश्न. "ताई दाखवून राहिली ना फायनल?"

मी हक्कांचं सगळं समजावून सांगितलं. ते छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मले खांद्यावर घेऊन चाल." वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि मी ताबडतोब नाही म्हणालो.

तिथून मी थेट ऑफिसात गेलो. ताईंना म्हटलं, "ग्राउंडला लागून क्वार्टर हायेत. एकाच्या गच्चीवर कॅमेरा लावू. कोणाले कळते?"

ताई म्हणाल्या, "मागच्या साली त्या केबलवाल्यानं गच्चीवरून आपली मॅच दाखवली, तवा त्याची कॉलर कोणं धरली होती?"

मीच धरली होती. मी खुर्ची ओढून बसलो. मग ताईंनी नेटवर्कच्या ऑफिसला फोन लावला आणि अगदी गोड हिंदीत विचारलं, चित्र तुमचं, पण मैदानातून नुसता आवाज ऐकवायची परवानगी द्याल का? पलीकडचा माणूस हसला असावा, कारण ताईही थोड्या हसल्या. आवाज कोणाला हवाय, घ्या, असं काहीतरी तो म्हणाला. ताईंनी तेही लेखी मागवलं. नुसत्या आवाजाचा टीव्हीवर उपयोग काय, हे मला कळेना, विचारलं तर म्हणाल्या, "घरचा कॅरम घेऊन ये."

फायनलच्या दिवशी आमच्या त्या अर्ध्या अंधाऱ्या खोलीत कॅरमबोर्ड टेबलावर आडवा ठेवला होता आणि कॅमेरा थेट त्याच्यावर वाकवलेला. मधोमध पांढरा दोरा ताणून मध्यरेषा केली होती. एका बाजूला सात काळ्या सोंगट्या, दुसऱ्या बाजूला सात पांढऱ्या. ताईंनी कपाळावरची लाल टिकली काढून एका काळ्या सोंगटीवर चिकटवली. ती आमची कॅप्टन. पांढऱ्यांच्या कॅप्टनला हिरवी टिकली मिळाली, कारण अन्याय चालणार नव्हता. मला त्यांनी बजावलं, "रेडर कुठून गेली, डावीकून का उजवीकून, कोण बाद, कोण परत आली, सबन सांगजो. आन् तुह्यातला काका घरी ठेवून ये."

मी मैदानात फोन कानाला लावून बसलो. मी बोलायचो तशी ताईंची बोटं तिकडे सोंगट्या सरकवायची. बाद झालेली सोंगटी कॅरमच्या पॉकेटात जायची, जिवंत झाली की परत बोर्डावर. सुरुवातीला ऑफिसात फोन आले म्हणे, कबड्डी सांगून कॅरम का लावला म्हणून. थोड्या वेळानं ते थांबले. चहाच्या टपऱ्यांवर लोक उभं राहून सोंगट्या बघत होते, असं मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं. मी कितीतरी मॅचेस केल्या, पण इतकं स्वच्छ कधी बोललो नव्हतो. माझ्या एका चुकीनं कोणाची तरी पोरगी उगाच बाद झाली असती.

शेवटची रेड आली तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो आणि पुतणी रेडला निघाली. उजवा कोपरा, मग आत, मग पायानं एकीला टच, आणि वळताना तिचा घोटा धरला गेला. मग दुसरी अंगावर पडली, तिसरी पडली. ती रेषेकडे हात ताणत होती. फोन कानाला होता आणि मला एक शब्द फुटेना.

तेवढ्या वेळात चरोद्यात काय झालं ते वहिनींनी सांगितलं. पडद्यावर टिकलीची सोंगटी दोऱ्याच्या अलीकडे थांबलेली, तीन पांढऱ्या तिला भिडलेल्या, आणि ताईंचं बोट तिच्यावर नुसतं टेकलेलं. माझा आवाज नाही. दादा उशीवरून मान उचलून त्या बोटाकडे बघत होते. वहिनी म्हणाल्या, मला वाटलं आता उठून बसतात.

मग मी म्हणालो, "रेडर आउट." शिट्टी झाली होती. हात रेषेपासून वीतभर मागं राहिला होता.

ताईंचं रेकॉर्डिंग मी नंतर फोनवर घेऊन पाहिलं. मॅचभर बाद झालेली प्रत्येक सोंगटी त्यांनी बोटानं ढकलत पॉकेटात टाकली होती, काळी असो की पांढरी. ही मात्र त्यांनी चिमटीत धरून उचलली, अंगठ्यानं तिच्यावरची पावडर पुसली, आणि बोर्डाच्या लाकडी कडेवर, टिकली वर करून ठेवली. मग पांढऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. सगळी मॅच कोणाची बाजू न घेतलेल्या बाईनं एवढा एकच पक्षपात केला, आणि तोही मॅच संपल्यावर.

काही आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, नेटवर्कनं फायनल दाखवली. दादा तोवर वॉकर धरून खुर्चीपर्यंत येऊ लागले होते. अर्धी कॉलनी त्यांच्या क्वार्टरात जमली. पुतणी बापाच्या पायाशी जमिनीवर बसली होती, हरलेली मॅच पुन्हा बघायची म्हणून जरा ओशाळलेली. मी खोट काढायच्या तयारीनंच गेलो होतो, पण चित्र खरंच देखणं होतं. तिचा पाय हवेत जाताना त्यांनी हळू करून दाखवला तेव्हा दादांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

शेवटची रेड आली. पोरी एकमेकींवर कोसळल्या, ती त्यांच्याखाली दिसेनाशी झाली. शिट्टी. कॅमेरा वळला तो जिंकणाऱ्यांकडे. त्या उड्या मारत होत्या, एकमेकींना उचलून घेत होत्या. मग जाहिरात लागली. जाहिरातीनंतर बक्षिसं, मग जिंकलेल्या कॅप्टनची मुलाखत. दादा पुढं झुकून पडद्यावर काहीतरी शोधत राहिले.

"तू कुठी हायेस?" त्यांनी पोरीला विचारलं.

"तिथंच होती बाबा. मॅटवर. दाखवलं नाई त्याहीनं."

शेजारच्या बाई, मॅच छान झाली, असं म्हणून उठू लागल्या. दादांनी रिमोटनं टीव्ही बंद केला आणि माझ्या फोनकडे हात केला.

"ताईचं लाव," ते म्हणाले. "त्याच्यात पोरगी उठते."