देलियाने झुकवलेल्या पापण्या

इटलीतल्या पिएत्रासांता गावच्या त्या संगमरवराच्या कारखान्यात बाई एकच, देलिया. अठरा वर्षं तिने दुसऱ्यांच्या पुतळ्यांचे केस, कान नि बोटं कोरली. इथला धर्म एकच: शिल्पकार प्लास्टरचा नमुना पाठवणार, कारागिराने तो तसाच्या तसा दगडात उतरवायचा. आपलं डोकं चालवलं की हकालपट्टी, मग हातात कितीही कसब असो.

यंदा पहिल्यांदा तिच्या वाट्याला चेहरा आला, तोही ग्रीक पुराणातल्या मेदुसाचा. केसांत साप, डोळे वटारलेले. बघेल त्याचा दगड होतो म्हणे. हिची गोष्ट तिकडे पोराटोरांनाही ठाऊक: देवळात देवाने हिची अब्रू घेतली आणि देवीने शाप दिला तो हिलाच. वा रे न्याय! देलियाची बहीण नेल्ला, तिचंही तेच झालं. मुकादमाने डाव साधला आणि गावाने तोंड फिरवलं ते नेल्लाकडून. बिचारी मरेपर्यंत खाली मान घालून चालली. चेहरा कोरता कोरता देलियाने मेदुसाच्या पापण्या खाली आणल्या. कळूनसवरून आणल्या.

आज नमुना पाठवणारा शिल्पकार कासिमिरो स्वतः आला. त्याने मापं घेतली. कपाळ बरोबर, नाक बरोबर. पापण्यांपाशी हात थांबला.

"हे काय करून ठेवलंस, बाई? लोकांनी हिला घाबरायला हवं."

"घाबरलेच की, साहेब. हिने कुणाचं काय वाकडं केलं होतं?"

मालक इवोला घाम फुटला. चेहऱ्यावर शेवटच्या हातासाठी थोडा जास्तीचा दगड राखतात, तो पापण्यांवर अजून होता. त्यातून उघडे डोळे निघाले असते. इवोने तिला बाजूला घेऊन सांगितलं, आत्ताच्या आत्ता डोळे उघड, मी काही पाहिलं नाही. म्हणजे नोकरी वाचली होती.

देलियाने कानस उचलली. सगळ्यांचे हातोडे थांबले. ती घासत राहिली, भुकटी गळत राहिली, आणि डोळे उघडताहेत असंच जो तो समजला. तिने फुंकर मारली, तेव्हा जास्तीचा दगड पार उतरला होता. पापण्या झुकलेल्याच होत्या. आता त्यातून उघडा डोळा ब्रह्मदेवालाही काढता आला नसता.

"देलिया, अगं, काय केलंस हे?" इवो पुटपुटला.

"नेल्लाच्या तोंडाकडे कुणी बघितलं नाही, मालक. हिच्याकडे तरी बघा."

तिने एप्रन काढून ओट्यावर ठेवला. इवोने तिला थांबवलं नाही.