आठ दिवस दडवलेले काप

प्रयोगशाळेत त्यांना सगळे काका म्हणत. एकोणतीस वर्षं एकच काम: उंदराच्या मेंदूचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर चिकटवायचे आणि अंधाऱ्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. हात सोन्याचा, पण तोंडाला जणू कुलूप. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा परदेशात, त्याचा रविवारचा फोन ‘जेवलात ना?’वर सुरू व्हायचा आणि ‘बरं, ठेवतो’वर संपायचा. घरी गेल्या गेल्या काका टीव्ही लावत. बघायला कसलं डोंबल, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून!

पीएचडीच्या एका मुलीचं काम त्यांच्याकडे होतं. मेंदूत चेतापेशी असतात, तशा त्यांची उस्तवार करणाऱ्या मदतनीस पेशीही असतात. जनुकं सगळ्यांत तीच. पण कुठलं जनुक कुठल्या पेशीत चालू व्हायचं, हे त्याच्या अलीकडचा डीएनएचा एक तुकडा ठरवतो. त्याला म्हणायचं प्रमोटर. मुलीनं चार वर्षं खपून असा प्रमोटर बांधला होता, की त्यानं फक्त चेतापेशीतच बटण दाबावं. त्याच्यापुढे हिरवं चमकणारं जनुक जोडलं आणि ते निरुपद्रवी विषाणूत भरून उंदरांना टोचलं. तुलनेसाठी दुसरी नळी होती, कंट्रोलची. तिचा प्रमोटर कुठल्याही पेशीत चालणारा.

मुलीच्या उंदरांचे काप आधी आले. बघते तर काय, चेतापेशी, मदतनीस पेशी, झाडून सगळ्या हिरव्यागार! म्हणजे प्रमोटर फेल. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर विषय बंद.” मुलीनं हातपायच गाळले. बरोबरीच्यांत बसवेना, म्हणून दुपारी डबा घेऊन ती काकांच्या टेबलाशी आली.

“बसू का, काका?”

“अगं बस की. विचारतेस काय!”

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, काकांनी कंट्रोलचे काप काढले. नजर टाकली, डोळे चोळले आणि पुन्हा बघितलं. ज्यांत सगळं चमकायला हवं, त्यांत फक्त चेतापेशी हिरव्या होत्या. बाकी सगळा काळोख. काय झालं असणार, ते त्यांना तिथल्या तिथे कळलं. टोचण्याच्या दिवशी नळ्यांवरचं बर्फ त्यांनी स्पिरिटनं पुसलं होतं, त्याबरोबर झाकणांवरचे शाईचे आकडे पुसले गेले आणि स्वारीनं आठवणीवर भिस्त ठेवून पुन्हा घातले होते. ते उलटे पडले होते, कंट्रोल म्हणून टोचला गेला होता मुलीचाच विषाणू. मुलीचा प्रमोटर फेल नव्हता, उलट झकास चालत होता!

बाहेर जाऊन ओरडून सांगायचं ना? पण दुपारी ती आली, डोळे पुसत जेवली, त्यांनी आपल्या डब्यातलं वाढलं तेव्हा “तुमच्याशी बोललं की बरं वाटतं,” म्हणाली. सहा वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. काकांनी कंट्रोलच्या कापांची पेटी कपाटात मागे सरकवली. उद्या सांगू, म्हणाले. उद्याचा परवा झाला. माणूस वाईट नव्हता हो, पण मूग गिळून बसला खरा. सकाळी दोन पोळ्या जास्त करायला लागला.

पुढच्या बुधवारी ती म्हणाली, “मी सोडतेय, काका. मॅडमना अर्ज देतेय आज.”

काकांनी हातातला घास डब्यात ठेवला. उठून त्यांनी पेटी आणली आणि सगळं सांगून टाकलं. स्पिरिट, शाई, अदलाबदल, सगळं.

मुलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “म्हणजे चालतोय? माझा चालतोय?” मग थबकली. “तुम्हाला कधी कळलं?”

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. “मागच्या आठवड्यात, मंगळवारी,” काका म्हणाले.

“अदलाबदलीचं काही नाही हो, चूक कुणाचीही होते,” ती हळूच म्हणाली. “पण आठ दिवस मी तुमच्यासमोर रडत होते. आणि तुम्ही मला वाढत होतात.”

काका डब्याचं झाकण लावत बसले. ती पेटी उचलून मॅडमकडे पळाली.

नव्या उंदरांना नव्यानं टोचलं. पुढचे तीन आठवडे काका एकटेच जेवले. काप निघाले तेव्हा ती अंधाऱ्या खोलीत आली. काकांनी खुर्ची सोडली. ती वाकून बघत राहिली, मग एकदम खुदकन हसली आणि तिनं फोन लावला. “आई, जमलं गं! फक्त चेतापेशी!”

काका दाराशी उभे होते. फार आनंद झाला होता त्यांना. काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी घसा खाकरला.

ती सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता म्हणाली, “काका, जाताना दार ओढून घ्या ना. उजेड येतोय.”

काकांनी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.