गाडीला मोहट्यांचं तेल

माझा नवरा देव मानतो की नाही, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला नीट कळलेलं नाही. पण रविवारी सकाळी तो गाडीची पूजा मांडतो, हे आमच्या जव्हारच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. इथल्या पावसाळ्यात खिडक्यांच्या रबरावर शेवाळ धरतं, आणि उन्हाळ्यात तांबडी धूळ बसून बंपरचं काळं प्लास्टिक राखेसारखं होतं. हा दात घासायच्या जुन्या ब्रशनं फटीफटीतलं शेवाळ काढणार, टायरना काळं पॉलिश लावणार, आणि शेवटी ते गोडसर वासाचं पॉलिश डॅशबोर्डवर असं फिरवणार की लहान मुलाला पावडर लावतोय असं वाटावं. मी शाळेचे पेपर तपासता तपासता टोमणे मारायची. त्याला त्यातला एकही ऐकू यायचा नाही.

माझी आई मात्र त्या गाडीत बसायची नाही. ती सूर्यमाळच्या पाड्यावर भावाकडे राहते. एकदा खोडाळ्याच्या लग्नाला जाताना ती बसली होती आणि पहिल्याच वळणावर "थांबवा, थांबवा" म्हणत उतरली. त्या वासानं तिला मळमळलं. त्यानंतर गाडी दारात आली की ती अंगणातूनच जावयाला "बरा हाये ना?" विचारायची आणि लांबच राहायची.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. उन्हाळ्यात पाड्यावरच्या बायका लांबच्या विहिरीवर जातात. कितीही सांगा, ही त्यांच्यात असायचीच, आणि त्या विहिरीच्या पायऱ्यांवर तिचा पाय चुकला होता. त्या वेळी मागच्या बाईनं धरली म्हणून आज ती आहे. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी थांबू नका, आणि परतताना एसटीचे धक्के नकोत. आई एकच धरून बसली, "मना नाय बसायचा गाडीत. दिसतंय तेवढा पुरे." मी चिडले, रडले, बोलणं टाकलं. काही उपयोग झाला नाही.

मग एका रविवारी मी बाहेर आले तर हा साबणाचं कोमट पाणी घेऊन डॅशबोर्ड धूत होता. चमकवत नव्हता, चमक काढत होता. दारांच्या आतली कव्हरं, गिअरभोवतालचं प्लास्टिक, सगळं घासून त्यानं चारही दारं उन्हात उघडी टाकली. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर पुन्हा तेच. आठवडाभरात गाडी आतून पार पांढुरकी, रुक्ष दिसायला लागली. "वास येतोय का अजून?" असं तो मला नाक लावून बघायला सांगायचा. थोडा यायचाच. मी "नाही" म्हणायची. त्या आठवड्यात तो मला फार आवडला, आणि हे मी त्याला सांगितलंही.

थंडीचे दिवस होते. आई अजून हो म्हणाली नव्हती, तरी ऑपरेशनला नाशिकला पहाटे निघता यावं म्हणून आम्ही आदल्या दिवशी दुपारीच सूर्यमाळला गेलो. भावानं आईला सांगून टाकलं की जावयानं तुझ्यासाठी गाडीची सगळी चमक उतरवली. संध्याकाळी मी चुलीपाशी नागलीच्या भाकरी थापत होते. नवरा आणि भाऊ शेजारच्या पाड्यावर गेले होते. आई अंगणातून आत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत तेलकट होते. मला वाटलं, गुडघे चोळले असतील. आमच्याकडे मोहट्यांचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल सगळ्यालाच चालतं: भाजीला, दिव्याला, फुटलेल्या टाचांना, जू घासून सोललेल्या बैलाच्या खांद्याला.

सकाळी नवरा गाडीपाशी गेला आणि तिथूनच त्यानं मला हाक मारली. डॅशबोर्ड पांढरा. दारांची कव्हरं पांढरी. बंपर, आरसे, टायर, जिथं जिथं म्हणून काळं होतं तिथं तिथं पांढरा, मेणचट थर, त्यावर आईच्या बोटांच्या रेघा. मोहट्यांचं तेल थंडीत गोठतं. शेंगदाण्याएवढ्या पोरालाही आमच्याकडे हे माहीत असतं.

"आई, तुला ठावं नव्हतं?" मी जवळजवळ ओरडलेच.

"बैलाला लावला तं कधी गोठत नाय," आई म्हणाली. "मना काय ठावं, गाडी रातची एवढी थंड पडते! हात लावून पायला, तं कातडी कशी सुकलेली. माझ्यामुळं सुकली. म्हणून लावला."

नवऱ्यानं फडकं काढलं होतं. तेवढ्यात आई दार चाचपत आत वाकली, तिनं एकदा वास घेतला आणि कोणी न सांगता मागच्या सीटवर जाऊन बसली. गाडीत आमच्या घराचा वास येत होता. त्यानं फडकं घडी करून खिशात ठेवलं, समोरची काच तेवढी पुसली आणि गाडी सुरू केली. त्र्यंबकपर्यंत आई झोपून होती. ऊन आत आलं तसा डॅशबोर्ड हळूहळू काळा झाला, आणि बाहेर त्या तेलानं वाटेतली सगळी धूळ गोळा केली.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर काळा चष्मा लावून आई माझ्या हाताला धरून दवाखान्याबाहेर आली. गाडीपाशी ती थांबली. चष्मा जरा वर करून तिनं बंपरवरचे ओरखडे पाहिले, दारावरचा पोचा पाहिला, आतल्या डॅशबोर्डची चीर पाहिली. बराच वेळ पाहिली.

"जावाय, ही एवढी जुनी हाये?"

"जुनीच आहे आई. घेतली तेव्हाच जुनी होती."

"मना वाटं, कोरी हाये. सगली सांगत, लय चमकते, लय जपतात. ओकारीचा काय, ओकारी एसटीतबी होते. पण तुमच्या एवढ्या चांगल्या गाडीत झाली असती, तं तोंड कसा दाखवला असता तुमाला?"

नवरा इतकी वर्षं जी चमक घासून आणत आला, तिच्यामुळंच आई लांब राहिली होती. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, कारण मलाच हसू आवरत नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "गाडी धुता येते हो."

आईनं मान हलवली. पुढचं दार स्वतःच उघडून ती त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "दुसऱ्या डोळ्याला कधी यायचा, ते आताच विचारून या."