धडे आपलेच समजावेत

मराठी टायपिंग शिकवताना आधी जोडाक्षरांना हात लावायचा नाही, हे लतिका कर्णिकने स्वतःच्या बोटांवरून शोधून काढलं होतं. गिरगावातल्या दोन खोल्यांत, भाड्याच्या टाइपरायटरवर ती मुलींना शिकवायची. करंगळी साध्या अक्षरांवर रुळली की मगच अर्धा त, अर्धा स. असे चाळीस धडे तिने बसवले होते. वाक्यंही तिचीच. नणंदेचं नावसुद्धा त्यांत होतं: ‘मालन, नवा माठ मागव.’

दादरला तात्या प्रधानांचा टायपिंगचा क्लास होता, फक्त इंग्रजीचा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना माणूस मावेनासा झाला तेव्हा तात्यांनी वारं ओळखलं. तात्या लतिकाच्या माहेरचे शेजारी. तिला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून भाऊबीजेला ती त्यांनाच ओवाळायची.

“तुझे धडे दे गं मला क्लासात वापरायला,” ते म्हणाले. “दरमहा काहीतरी देत जाईन.”

“देते. पण कागद करू या, तात्या.”

“भावाशी कागद? उद्या ओवाळताना पावती मागशील.”

ती हसली, पण कागद केलाच. धडे दादरच्या क्लासातच वापरावेत, छापू नयेत, दुसऱ्यास देऊ नयेत, हक्क लिहिणारीचा राहील. वाचून पाहिल्यावर तिला ते फार कोरडं वाटलं. वडीलधाऱ्या माणसाला असं लिहायचं? म्हणून सहीच्या वर तिने एक ओळ वाढवली: ‘बाकी धडे आपलेच समजावेत.’ ती ओळ तिने अगदी मनापासून लिहिली.

राज्य झालं आणि कचेऱ्यांना मराठी टायपिस्ट हवे झाले. जूनमध्ये तिच्याकडे शिकणारी शांता एक नवंकोरं पुस्तक घेऊन आली.

“बाई, हे आपल्या धड्यांसारखंच आहे.”

वर तात्यांचं नाव. आत चाळीस धडे, त्याच क्रमाने. मालनही माठ मागवत होती.

लतिका तशीच दादरला गेली. तात्यांनी चहा सांगितला.

“छापायचं नाही असं ठरलं होतं, तात्या.”

“ठरलं होतं ना. पण शेवटी तूच लिहिलंस, आपलेच समजावेत. मी समजलो.”

“आपले म्हणजे घरातले. तसं म्हणायची पद्धत आहे.”

“पत्रात तू मला ‘आपण’ लिहितेस. मग आपले म्हणजे कोणाचे? कॉन्व्हेंटात मराठी कमी पडलं वाटतं.”

कारकून खाली मान घालून हसला. तात्याही हसले, भाऊबीजेला पाटावर बसून हसायचे तसेच. चहा न घेता ती उठली.

वकील जगदीश सबनीसांनी कागद दोनदा वाचला.

“लतिकाताई, अटी चोख आहेत. ही एक ओळ तेवढी नडते. नोटिशीत लिहू, की तो निव्वळ शिष्टाचार होता, त्यामागे दुसरी काही भावना नव्हती. तसंच होतं ना?”

तसं नव्हतं. पण ते सांगितलं तर धडे तात्यांचे होणार. नाही सांगितलं तर इतकी वर्षं ती ज्याला भाऊ मानत आली, तो कधी भाऊ नव्हताच, असं तिच्याच सहीने ठरणार.

“ताई?”

“हो,” ती म्हणाली. “दुसरी काही भावना नव्हती. लिहा.”