तिसऱ्या गाण्याची चाल

ऐंशीच्या दशकात जयपूरच्या झोटवाड्यात एक गृहस्थ कॅसेटच्या प्रती करून देत. प्रत्येक कॅसेट ते आधी पूर्ण ऐकत आणि कव्हर हाताने लिहीत. लोकगीत आणि रॉक यांचा मेळ घालून माझ्या धाकट्या बहिणीने बांधलेली गाणी आम्ही त्यांच्याकडे दिली. दोन दिवसांवर तिचा कार्यक्रम होता. कव्हरं तयार होती, पण तिसऱ्या गाण्यापुढे संगीतकाराची जागा कोरी होती. तिला नेमका त्याच गाण्याचा अभिमान होता.

“भैया, ये क्या?”

“गिटार आपका, बहनजी. धुन बगरू की है. वहाँ औरतें कपड़ा सुखाते हुए गाती हैं.”

“लोकगीत है. किसी का नहीं होता!”

“मतलब, आपने पूछा नहीं.”

बहीण चिडली; तरी दुसऱ्या दिवशी बसने जयपूरजवळच्या बगरू गावी गेली. तिथे कळलं, जिच्याकडून तिने चाल ऐकली होती, त्या बाईच्या सासूने ती बांधली होती. गृहस्थांनी सासूचं नाव प्रत्येक कव्हरवर लिहिलं.

वर्तमानपत्रात नावं तपासणं हेच माझं काम होतं. घरी ते गाणं रोज ऐकूनही चाल कुणाची, हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी आभार मानायला गेलो, तेव्हा ते हेडफोन लावून कुणाची तरी कॅसेट ऐकत होते. त्यांनी हातानेच थांबायला सांगितलं. गाणं संपेपर्यंत मी उभा राहिलो.