भाड्याचा शर्ट आणि आतली जर्सी

१२ मार्चला रुपर्तो मागानाने चारशे पन्नास पेसो मोजून एक पांढरा शर्ट आणि काळी पँट घेतली. बाजारातल्या जुन्या परदेशी कपड्यांच्या ढिगातून का होईना, पण घेतली. त्याची बायको लुमिंग ही बातमी शेजारीपाजारी सांगून आली, कारण लग्न झाल्यापासून नवऱ्याला कपडा विकत घेताना तिने पाहिले नव्हते.

त्याला गरजच पडत नसे. फिलिपिन्समधल्या पनाय बेटावरच्या त्या गावात सणाची बास्केटबॉल स्पर्धा असो, निवडणूक असो की खताच्या दुकानाचा वाढदिवस, कोणी ना कोणी जर्स्या वाटायचाच. बिनबाह्यांची जाळीदार जर्सी आणि गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी, एवढ्यावर रुपर्तो ट्रायसिकल, म्हणजे तिकडची तीनचाकी रिक्षा, चालवायचा, बाजार करायचा, बारशाला जायचा. मयतालाही जायचा, तेव्हा मात्र गडद रंगाची जर्सी, एवढे तारतम्य तो पाळायचा. बास्केटबॉल म्हणाल तर तरुणपणी तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला होता.

"कॉलर गळ्याशी आली की माझा जीव घुसमटतो," तो म्हणायचा.

"पैसे पडतात म्हणून घुसमटतो," लुमिंग म्हणायची.

पण मुलगी जोविलिनने बजावले होते, "ताताय, माझ्या लग्नात जर्सी घालून आलात, तर मी दारातूनच परत फिरेन. चेष्टा समजू नका." म्हणून तो पांढरा शर्ट.

लग्न शनिवारी गावच्या चर्चमध्ये ठरले होते. नवरा मुलगा एर्विन मालवाहू जहाजावर कामाला. गुरुवारी सकाळी कंपनीचा फोन आला, उद्याच्या विमानाने मनिला गाठा, जहाज लवकर निघतेय. म्हणजे लग्न आज, नाहीतर नऊ महिन्यांनी. परवाना हातात होता, पण पाद्री शेजारच्या बेटावर गेलेले. लग्न लावू शकणारे उरले मेयर पालमोस, आणि तेही बारापर्यंतच कार्यालयात असणार होते.

त्या वेळी पांढरा शर्ट, पँटसकट, डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून साबणाच्या पाण्यात भिजत पडला होता. रुपर्तो बाजारात सवाऱ्या सोडत होता. लुमिंगने फोनवर ओरडून सांगितले, "आहेस तसा नगरपालिकेत ये! आणि तसा आत येऊ नकोस!"

दारावरच्या पहारेकऱ्याने पाटीकडे बोट दाखवले. बिनबाह्यांचे कपडे, हाफ चड्डी, चपला यांना आत मज्जाव.

"मानोंग, नियम आहे," तो थोरल्या भावाला म्हणावे तसा म्हणाला.

"अरे, मुलीचं लग्न आहे वर."

"मग लग्नाला असं येतात?"

"रविवारी तू काय घालून फिरतोस, ते मला माहीत आहे."

"रविवारी मी या दारात उभा नसतो."

यावर इलाज समोरच होता. झेरॉक्सच्या टपरीत नांग पासिंग भाड्याचे कपडे खिळ्यांना टांगून बसलेली असे. नगरपालिकेत आल्यावरच पाटी वाचणाऱ्या लोकांवर तिचा संसार चालायचा.

"पँट पन्नास, शर्ट पन्नास, बूट पन्नास."

"बुटातून टाच बाहेर राहतेय."

"लग्नात टाच कोण बघतंय?"

रुपर्तो जर्सी काढू लागला, तशी ती किंचाळली, "थांबा! उघड्या अंगावर माझा शर्ट नाही घालायचा. घामाचे डाग काय मेयर धुणार आहेत?"

त्याने जर्सीवरच शर्ट चढवला, बटणे लावली आणि टाचा उचलत जिना चढला. जोविलिनने बापाला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि तिचे डोळे भरून आले. मेयरांनी घड्याळाकडे पाहून विधी सुरू केला.

पंखा फक्त मेयरांच्या दिशेला फिरत होता. रुपर्तोला घाम फुटला. तेवढ्यात लुमिंगने त्याला जोरात चिमटा काढला.

"पाठ भिंतीला लाव."

"का?"

"घालतोस ते कधी वाचतोस का?"

वाचत नसे. आत्ता ओल्या शर्टातून त्याच्या पाठीवरची मोठी लाल अक्षरे वर आली होती, 'मेयरपदी डॉक तिर्सो. आता बदल हवा!' डॉक तिर्सो मागच्या निवडणुकीत पालमोसांविरुद्ध उभे होते, आणि तेव्हापासून दोघे एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नसत.

रुपर्तो खेकड्यासारखा आडवा सरकत भिंतीला चिकटला. शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. मेयरांची सही तेवढी राहिली. इतक्यात जोविलिन धावत येऊन बापाच्या गळ्यात पडली आणि आनंदाच्या भरात त्याला गर्रकन फिरवून बसली.

मेयरांचे पेन थांबले.

"मानोंग, शर्ट काढा."

घाईत एक बटण तुटून कपाटाखाली गेले. मेयरांनी पाठीवरचा मजकूर सावकाश वाचला. एर्विनने घड्याळाकडे पाहिले. बाराला चार मिनिटे होती.

"तीन वर्षांपूर्वीची ना ही? रोज घालता?"

"मंगळवारी आणि गुरुवारी, मेयर."

"रंग गेलेला दिसत नाही."

"नाही गेला, मेयर."

"आणि मी दिलेली कुठंय?"

"ती चर्चसाठी जपून ठेवलीय," लुमिंग घाईने म्हणाली. रुपर्तो चर्चला कधी जातो, हे खोलीतल्या कोणालाच आठवेना.

मुलीने डोळे मिटून घेतलेले पाहून रुपर्तोला राहवले नाही. "खरं सांगतो, मेयर. तुमची लाल जर्सी पहिल्याच धुण्यात गुलाबी झाली. माझीच नाही, अख्ख्या गावाची झाली."

मेयर हळूच आपल्या सेक्रेटरीकडे वळले. "सणाला सगळे गुलाबी का, म्हणून मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, लोकांनी प्रेमाने निवडलाय रंग."

सेक्रेटरीबाई फायली नीट रचू लागल्या.

मेयरांनी सही ठोकली. "पुढच्या खेपेला तिर्सोचा शिंपी शोधून काढ," ते तिला म्हणाले. मग रुपर्तोला म्हणाले, "आता शर्ट घाला. फोटो माझ्या भिंतीवर लागायचाय."

चारशे पन्नासचे शर्ट-पँट दुपारी तीनला वाळले. नांग पासिंगला कपड्यांचे दीडशे पेसो त्याच दिवशी मिळाले. तुटलेल्या बटणाचे वीस पेसो रुपर्तोने अजून दिलेले नाहीत.